घराची पाहणी कुठे थांबते? नया नगरमध्ये जुना फ्लॅट घेण्यापूर्वी

वडिलांची ग्रॅच्युइटी, आईचे दागिने आणि वीस वर्षांचे कर्ज. आपल्या समाजातल्या अनेक कुटुंबांचे पहिले मालकीचे घर अशा पैशांतून उभे राहते. चाळीतून किंवा झोपडपट्टीतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला मुंबईत घर परवडत नाही, म्हणून दहिसर ओलांडून मीरा रोड, भाईंदर, नालासोपारा, विरार या पट्ट्यात शोध सुरू होतो. तिथेही नवीन इमारतीतला भाव झेपत नाही. मग नजर जाते ती तीस-पस्तीस वर्षे जुन्या इमारतीतल्या रिसेल फ्लॅटकडे. मीरा रोड पूर्वेचे नया नगर हा असाच भाग. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बाजार जवळ, आणि बऱ्याच इमारती १९८० आणि ९० च्या दशकांतल्या.

असा फ्लॅट घेण्याआधी आपण तो 'बघून' येतो. काही तरुण आता पैसे देऊन तपासनीस नेतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याचा अहवाल हातात पडला की 'घर तपासले, आता टोकन द्यायला हरकत नाही' असे समजले जाते. हा समज धोक्याचा आहे, कारण नेहमीची पाहणी फक्त फ्लॅटच्या दिसणाऱ्या भागाची असते. घरात गुंतवलेला पैसा आणि घरातल्या माणसांचा जीव मात्र बऱ्याच अंशी न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असतो: काँक्रीटच्या आतली सळई, इतरांच्या ताब्यातले मजले, महापालिकेतली फाईल आणि सोसायटीचे दप्तर. पाहणी कुठे थांबते आणि तिथून पुढे कोणाला काय विचारायचे, हे आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

तीन पाहण्या, तीन वेगळे हेतू

फ्लॅट खरेदीच्या वेळी तीन प्रकारच्या तपासण्यांची नावे कानावर येतात. त्यांची गल्लत करू नये.

पहिली खरेदीदाराने नेमलेल्या तपासनीसाची. तो ओल, भेगा, फरशीचा उतार, नळांचा दाब, वायरिंग, खिडक्या-दारे पाहतो. तोडफोड करत नाही, फर्निचर हलवत नाही, पीओपीचे छत उघडत नाही. अमेरिकेत हा व्यवसाय जुना आहे. तिथल्या तपासनीसांच्या नियमावलीतही ही पाहणी केवळ नजरेने आणि काहीही न फोडता करायची असते, असेच धरलेले आहे. आपल्याकडे फ्लॅट घेण्यापूर्वी अशी पाहणी करण्याची कायदेशीर सक्ती नाही.

दुसरी बँकेच्या मूल्यांकनकर्त्याची. 'बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर चांगलेच असणार' हे वाक्य प्रत्येक दलालाच्या तोंडी असते. पण बँकेचा माणूस पाहतो ते एवढेच, की दिलेले कर्ज बुडाले तर ही मालमत्ता विकून पैसे वसूल होतील का. तो बँकेसाठी काम करतो. तुमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावरचा स्लॅब आणखी किती वर्षे टिकेल, हे सांगणे त्याचे काम नाही.

तिसरी स्ट्रक्चरल ऑडिट. ही संपूर्ण इमारतीची, संरचना अभियंत्याने केलेली तपासणी. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. मीरा-भाईंदर महापालिकेला लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे, वापर सुरू होऊन ३० वर्षे झालेल्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. नया नगरमधल्या अनेक इमारतींनी ही तिशी ओलांडली आहे. पण हे ऑडिट सोसायटी करून घेते. एका फ्लॅटचा खरेदीदार ते स्वतः करवून घेऊ शकत नाही. झालेले असेल तर अहवाल मागू शकतो. झालेले नसेल, तर ते न होणे हीच त्याच्यासाठी मोठी माहिती आहे.

काँक्रीटच्या आत

मीरा-भाईंदरच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, आणि आसपास मिठागरे. अशा खाऱ्या हवेत काँक्रीटमधली सळई लवकर गंजते. गंजलेली सळई फुगते, भोवतीचे काँक्रीट तडकते आणि पोपडे पडू लागतात. आपल्याला पोपडा दिसतो तेव्हा आतला गंज बराच पुढे गेलेला असतो.

सळईवर काँक्रीटचा थर किती जाड आहे, यावर बरेच अवलंबून असते. १९७८ च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळईवर किमान १५ मिलिमीटर थर पुरेसा मानला होता. २००० च्या सुधारित मानकात किनारी हवेला उघड्या काँक्रीटसाठी तो ४५ मिलिमीटर आहे. म्हणजे ८० किंवा ९० च्या दशकातली इमारत त्या काळच्या नियमाने अगदी चोख बांधली असली, तरी आजच्या मापाने तिचे कवच पातळ असू शकते. बांधकामाच्या पाण्यातले क्षार किंवा खाडीची न धुतलेली वाळू ही आणखी एक लपलेली बाब. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराईडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे मानक सांगते. तीस वर्षांपूर्वी कोणते पाणी वापरले, हे आज रंगवलेल्या भिंतीकडे बघून कोणालाही सांगता येणार नाही.

हे केवळ जुन्या इमारतींचे दुखणे नाही. गुरुग्राममधल्या चिंटल्स पॅराडिसो या उंच आणि तुलनेने नव्या इमारतीत फेब्रुवारी २०२२ मध्ये स्लॅब कोसळून दोन जणांचा मृत्यू झाला. नंतर आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमधल्या क्लोराईडमुळे सळया गंजल्याचे समोर आले.

अशा गोष्टी कळण्यासाठी चाचण्या लागतात: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक चाचणी, काँक्रीटचा गाभा काढून तपासणे, गंजाची शक्यता मोजणारी हाफ-सेल चाचणी, क्लोराईडची रासायनिक तपासणी. यांनाही मर्यादा आहेत. रिबाउंड हॅमरवरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे फरक पडू शकतो, हे भारतीय मानकातच लिहिलेले आहे. म्हणून ऑडिट अहवालाचे फक्त शेवटचे पान वाचू नका. कोणत्या चाचण्या केल्या, किती कॉलमवर केल्या आणि किती फ्लॅट आतून पाहिले, ते पाहा. इमारतीची श्रेणीही पाहा. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनेची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

नुकताच रंग दिलेले घर, नवे पीओपी आणि नव्या टाइल्स दिसल्या की जास्त सावध व्हा. विकण्यापूर्वी घर सजवणे हा गुन्हा नाही, पण त्याखाली ओलीचे डाग झाकले जातात. जानेवारीत पाहिलेले घर जुलैत कसे असते, हेही पाहणीत कळत नाही. शक्य असेल तर पावसाळ्यात एक फेरी मारा. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखालची जागा, गच्चीखालचा शेवटचा मजला आणि तळमजल्यावर रस्त्याचे पाणी शिरते का, हे पाहा.

तुमच्या दाराबाहेरचे मजले

घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळली. १७ जण गेले. तळमजल्यावर, जिथे पूर्वी नर्सिंग होम होते, तिथे फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात आधाराच्या भागाला धक्का लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या फ्लॅटची आदल्या आठवड्यात पाहणी झाली असती, तर अहवालात काय आले असते? भिंती ठीक, नळ ठीक, वायरिंग जुनी. तपासनीस खोटे बोलला नसता. त्याला खालचे गाळे उघडून कोणी दाखवलेच नसते.

म्हणून फ्लॅट पाहायला गेलात की आधी तळमजला पाहा. गाळ्यांमध्ये भिंती काढून जागा मोठी केली आहे का? पोटमाळे टाकले आहेत का? पार्किंगच्या जागेत दुकान झाले आहे का? मग गच्चीवर जा. पत्र्याची शेड, मोबाइल टॉवर, मागाहून बसवलेल्या मोठ्या टाक्या हे मूळ हिशेबात नसलेले वजन असू शकते. बाहेरून इमारतीला फेरी मारून बंद केलेल्या बाल्कनी आणि बाहेर काढलेले छज्जे मोजा. ड्रेनेजच्या पाइपांतून भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपटी दिसली, तर तिथे पाणी मुरते आहे हे नक्की.

कागदावरचा धोका

सर्वात मोठा धोका पाहणीत अजिबात दिसत नाही. तो कागदावर असतो.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत ४१ इमारती उभ्या होत्या. लोक त्यात वर्षानुवर्षे राहत होते. जमीन मात्र डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आरक्षित होती. न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये त्या पाडल्या गेल्या. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेची बनावट परवानगीपत्रे दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ जणांचा जीव गेला. तीही अनधिकृत होती. या घरांत ज्यांचे पैसे बुडाले किंवा माणसे गेली, ती आपल्यासारखीच पगारदार आणि मजूर कुटुंबे होती. त्यांतल्या कित्येकांनी घर नीट 'बघूनच' घेतले होते.

नया नगरमधल्या इमारतीसाठी चार कागद स्वतंत्रपणे तपासावेत.

पहिला, मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी. नकाशात तीन मजले आणि प्रत्यक्षात चार असतील, तर तुम्ही चौथ्या मजल्यावर काय विकत घेत आहात याचा विचार करा.

दुसरा, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. घरपट्टीची पावती, वीजबिल किंवा नळजोडणी हा ओसीला पर्याय नाही. अनधिकृत बांधकामावरही कर आकारला जातो. त्यामुळे ते अधिकृत होत नाही.

तिसरा, जमिनीची मालकी. सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स झाले आहे का? बिल्डरने ते केले नसेल, तर मोफा कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीमुळे सोसायटीला डीम्ड कन्व्हेयन्स मागता येते. मीरा-भाईंदरमध्ये आणखी एक गुंता आहे. शहरातल्या अनेक सातबारा उताऱ्यांवर इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीचे नाव आहे आणि त्यावरचा वाद जुना आहे. उद्या इमारत पाडून पुन्हा बांधायची वेळ आली, तर हा प्रश्न समोर येतो. म्हणून सातबारा आजच काढून पाहा.

चौथा, फ्लॅटची साखळी. बिल्डरकडून पहिल्या मालकाला, त्याच्याकडून दुसऱ्याला, असे सर्व नोंदणीकृत करार सलग हवेत. मधला मालक वारला असेल तर नॉमिनीची सही पुरेशी मानू नका. नॉमिनी हा विश्वस्त असतो, वारस वेगळे असू शकतात. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. घर आधीच कुठे तारण आहे का, हे केंद्राच्या सरसाई या नोंदणीत शोधता येते. आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे समजू नका. तिथे दस्ताची नोंद होते, मालकीची हमी मिळत नाही.

पार्किंगचेही तसेच. शेजारच्या दहिसरमधल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले, की बिल्डरला स्टिल्ट पार्किंग फ्लॅटसारखे वेगळे विकता येत नाही. विक्रेता 'पार्किंगसह' म्हणत असेल, तर सोसायटीने ती जागा त्याला वाटून दिल्याचा कागद मागा.

रेराचे संरक्षण कुठवर

'काही निघाले तर रेरात जाऊ' असे अनेक तरुण म्हणतात. २०१६ च्या रेरा कायद्यात संरचनेतल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर ताबा दिल्यापासून पाच वर्षे आहे. तीस वर्षे जुन्या फ्लॅटला याचा काही उपयोग नाही. तिथे आधार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. त्याच्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या काळजीने कळू शकणार नाही पण विक्रेत्याला ठाऊक आहे, असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. याचा अर्थ नीट समजून घ्या. जो दोष साध्या नजरेला दिसला असता, तो तुम्ही पाहिला नाही तर दोष तुमचा. आणि लपलेला दोष विक्रेत्याला माहीत होता, हे सिद्ध करण्यासाठी लेखी पुरावा लागतो. म्हणून करारनाम्यात विक्रेत्याकडून लिहून घ्या: ऑडिट झाले की नाही, महापालिकेची नोटीस आली की नाही, थकबाकी किती, फ्लॅटमध्ये कोणती भिंत काढली.

शेजार, जात आणि दलालाची भाषा

नया नगर ही मुस्लिमबहुल वस्ती म्हणून ओळखली जाते. जानेवारी २०२४ मध्ये इथे तणाव झाला आणि लगेच काही बांधकामे अनधिकृत ठरवून पाडण्यात आली. तेव्हापासून या भागाबद्दल दलालांची भाषा आणखी बदलली. 'तिकडे कशाला घेता' किंवा उलट 'तिकडे स्वस्तात मिळेल' अशी वाक्ये ऐकू येतात. आमचे म्हणणे सरळ आहे. शेजारी नमाज पढतात की नाही, यावरून स्लॅबची ताकद ठरत नाही. जो दलाल शेजाऱ्यांच्या धर्मावर अर्धा तास बोलतो आणि ओसीचे नाव काढले की विषय बदलतो, तो तुमचे लक्ष मुद्द्यावरून हलवत असतो. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर किंवा सांगणाऱ्याच्या वजनावर न जाता स्वतः पारखून घ्यायला सांगितले. घर घेतानाही तेच करायचे.

उलट बाजूही आहे. आपल्याला पाहून 'या सोसायटीत फ्लॅट शिल्लक नाही' असे सांगणारे लोक या शहरात कमी नाहीत. १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले, तेव्हा त्यांच्याकडे परदेशातले शिक्षण आणि संस्थानातली नोकरी दोन्ही होते. आज नकार असा उघड येत नाही. तो सभासदत्वाच्या अर्जावर महिनोन्महिने बसून येतो, किंवा जादा 'देणगी'च्या मागणीतून येतो. लक्षात ठेवा: महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते आणि देणगीची सक्ती करता येत नाही. सभासदत्व नाकारले तर कारण लेखी मागा आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागा. अर्ज नेहमी पोच घेऊन द्या.

टोकन देण्याआधीचा क्रम

१. टोकन देण्याआधी विक्रेत्याला सोसायटीकडे लेखी अर्ज करायला सांगा. दप्तर पाहण्याचा हक्क सभासदाचा आहे, खरेदीदाराचा नाही. म्हणून अर्ज त्याच्याच सहीने जायला हवा. त्यात स्ट्रक्चरल ऑडिट, कन्व्हेयन्स, सिंकिंग फंडाची शिल्लक, मेंटेनन्सची थकबाकी आणि पुनर्विकासाबाबतचे सर्वसाधारण सभेतले ठराव मागावेत.

२. महापालिकेच्या नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात मंजूर नकाशा आणि ओसीची प्रत मागा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर १५० शब्दांत बसवा.

३. दुसऱ्या अर्जात प्रभाग कार्यालयाला विचारा: या इमारतीला धोकादायक म्हणून कलम २६४ किंवा २६८ खाली, अथवा अनधिकृत बांधकामासाठी कलम २६० खाली नोटीस दिली आहे का? पावसाळ्यापूर्वी जाहीर होणारी धोकादायक इमारतींची यादीही पाहा.

४. मग तपासनीस न्या. शक्य असेल तर तो संरचना अभियंता असावा. त्याला फ्लॅटबरोबर जिना, गच्ची, तळमजला आणि पाण्याची टाकी दाखवा. काय तपासले नाही, तेही अहवालात लिहायला सांगा.

५. वकिलाचा सर्च रिपोर्ट हातात आल्यावरच करार करा. वकील तुमचा हवा, दलालाने दिलेला नको.

विक्रेता म्हणेल, 'एवढे थांबायला वेळ नाही, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे.' तीस दिवस थांबल्याने एखादा फ्लॅट हातचा जाईल. पण वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेताना तीस दिवस फार नाहीत.

विहारात करता येण्यासारखे काम

हे सगळे एका कुटुंबाला एकट्याने जमत नाही. वडील कामावर असतात, आईला कार्यालयाची भाषा परकी वाटते, मुलगा पहिल्यांदाच करारनामा वाचत असतो. म्हणून मीरा-भाईंदरमधल्या तरुण मंडळांना आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे. महिन्यातला एक रविवार घराच्या कागदांसाठी ठेवा. आपल्यात अभियंते आहेत, वकील आहेत, महापालिकेत आणि बँकेत नोकरी केलेले ज्येष्ठ आहेत. माहिती अधिकाराच्या अर्जाचे नमुने तयार ठेवा. एकाने मिळवलेला ओसी किंवा ऑडिट त्याच इमारतीत घर शोधणाऱ्या दुसऱ्याच्याही कामी येतो. त्याची एक वही विहारात ठेवा.

जे आधीच जुन्या इमारतीत राहतात, त्यांच्यासाठी काम आणखी सोपे आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय लेखी मांडा. शेवटचे ऑडिट कधी झाले, कोणत्या चाचण्या झाल्या आणि दुरुस्तीचे किती काम बाकी आहे, हे तीन प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. शेजारी कोणत्याही धर्माचा किंवा जातीचा असो, डोक्यावरचा स्लॅब सगळ्यांचा एकच आहे.